मराठी प्रकाशकांना करमाडहून खुले पत्र

मराठी प्रकाशकहो,

संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडते आणि करमाड लागतं. तिथे माझं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. मृग लागला की जेवायला फुरसत नसते. फेब्रुवारीपासून मे सरेपर्यंत मात्र गिऱ्हाईक तुरळक असतं, आणि ते दिवस मी गल्ल्यावर बसून वाचण्यात घालवतो. या उन्हाळ्यात कादंबऱ्या वाचल्या आणि कॉमिक्सही वाचली, दोन्ही एकाच टेबलावर आलटून पालटून. त्यातून जे वाटलं ते तुम्हाला कळवावं म्हणून हे पत्र. मी समीक्षक नाही, पण पुस्तकं पैसे मोजून घेणारा माणूस आहे. आणि गिऱ्हाईक काय म्हणतं ते दुकानदाराने ऐकून घ्यायचं असतं, एवढं मला धंद्यातून कळतं.

मागणी आधीच सांगून टाकतो. मोठ्या माणसांनी वाचावी अशी चित्रांतून सांगितलेली कादंबरी मराठीत छापा. अनुवाद छापा, पण त्याआधी आमच्या मातीतली छापा.

सुरुवात रा. रं. बोराड्यांपासून. २०२५च्या फेब्रुवारीत बोराडे सर गेले. वैजापूरला आणि पुढे शहरात देवगिरी महाविद्यालयात ते प्राचार्य होते, त्यामुळे आमच्या भागात त्यांना ‘सर’ म्हणणारी माणसं गावोगाव आहेत. ते गेल्यावर मी ‘पाचोळा’ पुन्हा काढली. कादंबरी १९७१ची. गंगाराम शिंप्याचं घर गावातल्या सत्तेखाली कसं भरडलं जातं ते त्याची बायको सांगते, आपल्या बोलीत, दम न घेता. ती वाचून खाली ठेवली आणि लगेच तुळजापूरच्या देविदास सौदागरांची ‘उसवण’ घेतली. हीसुद्धा शिंप्याचीच गोष्ट. सौदागरांनी स्वतः शिलाईकाम केलेलं आहे आणि २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या कादंबरीला मिळाला. दोन कादंबऱ्यांमध्ये पन्नास वर्षांचं अंतर, दोन्ही मराठवाड्यातल्या, दोन्हींत शिलाई मशीन. मुद्दाम लागोपाठ वाचा. गंगारामाला निदान आपला वैरी कोण ते दिसत होतं. तो गावातच होता, समोरून चालत यायचा. ‘उसवण’मधल्या शिंप्याने कुणाशी भांडायचं? तयार कपड्यांच्या दुकानाशी? तिथला पोरगा तर त्याच्याइतकाच कमी पगारावर उभा आहे. आमच्या करमाडच्या पेठेतसुद्धा आता नवं कापड शिवायला कोणी येत नाही. चेन बदलून द्या, पँट आखूड करा, साडीला फॉल लावा, एवढंच. ही कादंबरी आकाराने लहान आहे आणि तेच बरं झालं. आणखी शंभर पानं असती तर दुःखाचा नुसता ढीग झाला असता.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’बद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिच्यावर माझ्यापेक्षा जाणत्यांनी लिहिलं आहे आणि २०२३चा अकादमी पुरस्कारही तिला मिळालेला आहे. धरणासाठी उठवलेल्या गावातला देवप्पा मागे राहिलेल्या, आता रानटी झालेल्या म्हशीच्या शोधात परत जातो. मुलूख पन्हाळ्याकडचा, पण मला वाचताना सतत आमचं जायकवाडी धरण दिसत होतं. त्याच्या नाथसागर जलाशयाच्या पोटात गेलेल्या गावांतली माणसं आमच्याकडे बियाणं न्यायला येतात, आणि अजूनही पत्ता सांगताना आधी जुन्या गावाचं नाव घेतात.

या तिन्ही कादंबऱ्यांनी मला हलवलं. पण त्या वाचत असताना दुकानात आलेल्यांपैकी एकानेही पुस्तक हातात घेतलं नाही. कव्हर बघायचे, मला एकदा बघायचे आणि युरियाचा भाव विचारायचे. त्यांच्यातले बरेच जण शाळा शिकलेले आहेत. तालुक्याचा पेपर चार घरं फिरवून वाचतात. कादंबरी मात्र आपल्यासाठी नसते, असं त्यांच्या मनाने कधीच ठरवून टाकलेलं आहे.

माझी पुतणी शहरातल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकते. तिने मे महिन्यात एक मोठ्या आकाराचं पुस्तक आणून गल्ल्यावर ठेवलं. ‘भीमायन’. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ते २०११ साली इंग्रजीत काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकारांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे अनुभव एका छोट्या इंग्रजी टिपणात लिहून ठेवले आहेत. पुस्तक त्यांवर उभं आहे. लहानपणी साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली भावंडं आणि त्यांना गाडीत घ्यायला तयार नसलेला गाडीवान. बडोद्यात नोकरीला गेल्यावर राहायला जागा न मिळणं. १९२९मध्ये चाळीसगावला टांगेवाल्याने टांगा हाकायला नकार देणं, मग सवय नसलेल्या माणसाने तो हाकणं आणि झालेला अपघात. आणि १९३४चं दौलताबाद.

हे शेवटचं वाचताना मी पुस्तक मिटून जरा बाहेर जाऊन आलो. दौलताबादचा किल्ला आम्ही कितीदा बघितला असेल! पाहुणे आले की वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा, अशी आमची ठरलेली फेरी असते. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत किल्ल्याच्या दाराशी, रमझानचे दिवस असताना, काठोकाठ भरलेल्या हौदावर या धुळीने माखलेल्या मंडळींनी हातपाय-तोंड धुतलं. त्यावरून आरडाओरडा झाला, जमाव जमला, आणि अखेर पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन, त्यांना किल्ला दाखवण्यात आला. त्याच दारातून आम्ही आत जातो. तिकीट काढतो, मेंढा तोफेजवळ फोटो काढतो. ही घटना मी आधी वाचलेली होती. पण गोंड चित्रकारांनी किल्ल्याचं हिंस्र जनावर केलं आहे, आणि ते जनावर पानभर आपल्याकडे बघत राहतं. माहिती म्हणून वाचलेलं असतं तेव्हा ते असं बघत नाही.

चित्रांची रीत समजावून सांगायला हवी, कारण तुम्ही कॉमिक म्हटलं की चौकटी आणि ‘धडाम्’ एवढंच डोळ्यांसमोर आणता अशी मला शंका आहे. माणसांना चौकटीत कोंडायचं नाही असं व्याम दांपत्याने ठरवलं. गोंडांच्या घराच्या भिंतींवर नि अंगणात काढतात ती दिग्ना नावाची नक्षी पानभर वळत जाते आणि तीच प्रसंग वेगळे करते. बोलण्याचे फुगेसुद्धा दोन तऱ्हांचे. साध्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं. विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. रेल्वे सापासारखी येते. पाणी मागणाऱ्या पोरासमोर पंपाचा दांडा हत्तीची सोंड होतो. जे सांगायला कादंबरीकाराला दोन पानं लागतील ते इथे कोणाचा फुगा कसा काढला यावरून कळतं.

पुस्तक निर्दोष आहे असं नाही. आजच्या काळातली दोन माणसं आरक्षणावर बोलतात आणि त्या बोलण्यातून जुन्या कथा उलगडतात, अशी मांडणी आहे. त्या संवादांत मला भाषण ऐकल्यासारखं वाटलं. बातम्यांची कात्रणं मात्र योग्य जागी आली आहेत. खैरलांजीच्या दलित हत्याकांडाची बातमी तिथे असायलाच हवी होती.

आता दुकानातली गोष्ट. हे पुस्तक आठवडाभर गल्ल्यावर होतं आणि जो आला त्याने ते उघडलं. इंग्रजी कोणाला येत नव्हतं, तरी उघडलं. बाजूच्या वाडीवरचे एक आबा, सत्तरीचे, कपाशीचं बियाणं आधीच बोलून ठेवायला आले होते. तरुणपणी त्यांनी टांगा हाकलेला. चाळीसगावचं पान बघून ते आधी चिडलेच. घोडा असा असतो का, लगाम कुठंय, असा माणूस बसला तर पडणारच की! मी म्हटलं, आबा, पडलेच ते. मग कोण पडलं, का पडलं, हे सगळं मला मराठीत सांगावं लागलं. त्यांनी मध्ये तीनदा मागचं पान उलटायला लावलं. घोड्याबद्दलची तक्रार त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतली नाही. पण दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आले आणि बियाण्याचं नावही काढलं नाही.

याच पानांवर मराठी असती तर? मी आमच्या पंचक्रोशीतल्या वाचनालयांची कपाटं धुंडाळली. पानापानावर चित्र असलेलं जे मिळालं ते लहान मुलांच्या कप्प्यात, धुळीत.

आता त्या कप्प्यातल्या कॉमिक्सबद्दल. माझ्या पिढीचं वाचन इंद्रजाल कॉमिक्सवर सुरू झालं. टाइम्स समूहाचं हे कॉमिक १९६४मध्ये सुरू झालं आणि १९९०मध्ये बंद पडलं. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर टांगलेला वेताळाचा, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचा, अंक मिळावा म्हणून आम्ही वडिलांबरोबर तालुक्याला जायचा हट्ट धरायचो. यंदा शहरातल्या औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात काही अंक हाती लागले. पान उलटायची घाई तीच राहिली, हे आधी कबूल. पण आता वाचताना भलतंच दिसतं. चारशे वर्षं एक गोरं घराणं बापाकडून मुलाकडे मुखवटा सोपवत जंगलावर हुकूम चालवतं, आणि जंगलातली काळी माणसं त्याला अमर मानून सुखाने राहतात! ली फॉकने हे पात्र १९३६ साली काढलं, इंग्रजांचं राज्य जोरात असताना. आम्ही मात्र स्वतंत्र देशात, गुडघ्यावर पुस्तक ठेवून, डेंकालीच्या जंगलात वेताळाच्याच बाजूने उभे राहायचो. त्यापेक्षा आबिद सुरतींनी १९७६मध्ये आणलेला बहादूर मला आज जास्त आवडला. डाकूंशी लढणारा, आपल्या हवेतला. गोष्टी भाबड्या आहेत, पण खेडं ओळखीचं आहे.

ही कला मराठी माणसाच्या हातात नव्हती असं तर तुम्ही म्हणू शकत नाही. अमर चित्रकथेतला कृष्ण राम वाईरकरांनी काढला. ‘टिंकल’मधला सुपंडीही त्यांच्याच हातचा. प्रताप मुळीकांनी अमर चित्रकथेची कितीतरी पुस्तकं काढली आणि हिंदी पोरांच्या लाडक्या नागराजला सुरुवातीचं रूप दिलं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू १९९१पासून घरोघर पोचला. आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात लोक रांगेने बघतात. एकेक चित्र पुढे सरकवत रामायण-महाभारतातली आख्यानं रात्रभर सांगायची, ऐकणारे सगळे मोठे बाप्ये आणि बायाच. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाने ती परंपरा जिवंत ठेवली आणि २०२१ला परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. अजिंठ्याचं नाव मी मुद्दामच घेत नाही. आमच्या भागात कशाचीही सुरुवात अजिंठ्यापासून करायची खोड आहे.

चित्रं मोठ्यांना चालत नाहीत असंही नाही. दिवाळी अंकांच्या धंद्यातली माणसं हे चांगलं जाणतात. ‘आवाज’ दिवाळी अंकातली खिडकी-चित्रं उघडून बघणारी पिढी अजून हयात आहे, आणि ती काही दुसरीतली मुलं नव्हती. म्हणजे मोठ्या मराठी माणसाला चित्र दाखवायचं तर ते फक्त हसवण्यासाठी, असा काहीतरी अलिखित करार झालेला दिसतो. दुःख, अन्याय, दुष्काळ, भूक हे सगळं मात्र अक्षरांनीच सांगायचं. हा करार कोणी केला?

तुम्ही म्हणाल, खर्च परवडत नाही. रंगीत छपाई महाग आहे, मान्य. पण पुतणीने मला दाखवलेली जगभर गाजलेली पुस्तकं बघा. आर्ट स्पीगलमनचं ‘माउस’, ज्यू छळछावण्यांची कथा, काळ्या-पांढऱ्यात आहे आणि १९९२ला त्याला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. इराणच्या मार्जान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’ काळं-पांढरं. आपल्या देशात ओरिजित सेन यांनी १९९४मध्ये नर्मदेच्या लढ्यावर काढलेलं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ हेसुद्धा काळं-पांढरं, आणि त्याला पुष्कळ जण भारतातली पहिली चित्रकादंबरी मानतात. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात आपल्या नंदुरबारकडची तेहेतीस गावं गेली. त्या आंदोलनाची गाणी नि भाषणं महाराष्ट्राने ऐकली, पण त्यावरचं हे पुस्तक मला इंग्रजीत, तेही मागवून घ्यावं लागलं. ‘रिंगाण’च्या शेजारी ते ठेवून बघा. दोन्ही धरणाचीच, पण एक उठवलेल्यांच्या मनात शिरते आणि दुसरं गेलेली नदी दाखवतं. दोन्ही लागतात. काळ्या शाईला किती खर्च येतो ते तुम्हीच मला सांगा.

विषय शोधायला लांब जायला नको. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाड आणि बदनापूर स्थानकांच्या मध्ये रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात कामाला असलेली ही माणसं टाळेबंदीत रोजगार थांबल्यावर रात्रभर रुळांच्या कडेने चालत आली होती. भुसावळला गाडी मिळेल अशी आशा होती. गाड्या बंद आहेत असं समजून थकून तिथेच आडवी झाली. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांची माणसं. त्यांतले बरेच गोंड आदिवासी. म्हणजे ज्या समाजातल्या चित्रकारांनी ‘भीमायन’मध्ये रेल्वेचा साप काढला त्यांचेच भाऊबंद, आमच्या गावाजवळच्या रुळांवर गेले. रुळांवर पसरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. साऱ्या देशाने पाहिलं, चार दिवस हळहळला आणि विसरला. करमाडचं नाव त्याआधी देशाला ठाऊक नव्हतं आणि त्यानंतरही राहिलं नाही.

त्या छायाचित्रात फक्त शेवट आहे. जालन्याहून निघताना काय ठरलं, रात्री कुठे पाणी मिळालं, कोणी दार उघडलं आणि कोणी लावून घेतलं, रूळच का धरले, रस्ता का नाही, हे त्यात येऊ शकत नाही. बातमीत आलं ते दोन ओळींत. कादंबरी लिहिणाऱ्याला ती रात्र मनाने उभी करावी लागेल, आणि मग लेखकाची भाषा मजुरांच्या पुढे चालायला लागेल अशी मला भीती वाटते. चित्रांनी सांगणाऱ्याला गप्प राहता येतं. दहा पानं नुसतं चालणं दाखवता येतं. जो सॅको नावाच्या पत्रकाराने हे करून दाखवलं आहे. तो माणसांना भेटतो, त्यांचं ऐकून घेतो आणि बातमी चित्रांतून मांडतो, स्वतःलाही त्या चित्रात परका पाहुणा म्हणून काढतो. उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरच्या मुसहर वस्त्यांवर त्याने असं काम केलं आहे. अमेरिकेतला माणूस कुशीनगरला जाऊ शकतो. पुण्या-मुंबईहून करमाड तर त्याहून कितीतरी जवळ आहे. त्या गटातले वाचलेले मजूर आहेत, गेलेल्यांची घरं आहेत. त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने, त्यांना मानधन देऊन हे काम करायला हवं. चित्रं गोंड चित्रकारांकडून घ्या. बरोबर आमच्या चित्रकला महाविद्यालयातली दोन मुलं बसवा. ती आज शिकून जाहिरातीच्या कंपन्यांत साबणाची वेष्टनं काढायला जातात.

एकदम दोनशे पानांचं पुस्तक काढायची भीती वाटत असेल तर दिवाळी अंकात सोळा पानं द्या. मराठीत दिवाळी अंक १९०९पासून आहेत, नवा प्रयोग करायला याहून जुनी आणि खात्रीची जागा नाही. लोकांनी वाचलं तर पुढच्या वर्षी पुस्तक. ‘पाचोळा’ किंवा ‘उसवण’ यांचं चित्ररूप करायचं म्हटलं तरी चालेल. तिथे शिलाई मशीन, गल्ली, सुई-दोरा सगळं डोळ्यांना दिसणारं आहे. फक्त चित्रं गुळगुळीत करू नका. शिवचरित्राच्या पुस्तकांत सगळ्या माणसांना एकाच नाकाची करून टाकतात, ते इथे नको.

आणि पुस्तक निघालं की ते फक्त शहरातल्या प्रदर्शनात ठेवून थांबू नका. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात खेडोपाडी अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. त्यांना पहिली प्रत द्या, तीही लहान मुलांच्या कप्प्यात नको. एक प्रत माझ्या दुकानात पाठवा. पहिली आवृत्ती काढणाऱ्याकडून मी पंचवीस प्रती आगाऊ पैसे भरून घेतो, ही माझी लेखी ऑर्डर समजा. त्या बियाण्याच्या पिशव्यांशेजारी मांडेन. कोण उघडतं आणि कोण नाही, याचा हिशेब मी तुम्हाला पाठवत जाईन.

कळावे. उत्तराची वाट पाहतो आहे. पुस्तक आलं तर उत्तराची गरज नाही.

आपला,
एक वाचक आणि दुकानदार
करमाड, जि. छत्रपती संभाजीनगर